बिग बर्डच्या आत उभा असलेला माणूस

प्रश्न: हातमोजा

नमस्कार. ‘सेसमी स्ट्रीट’ या अमेरिकी बालमालिकेतला बिग बर्ड, म्हणजे तो आठ फूट दोन इंच उंचीचा पिवळा पक्षी, इथल्या बहुतेकांनी निदान चित्रात तरी पाहिलेला असेल. परदेशात मुले वाढवलेल्यांच्या घरात तर तो वहीवर, डब्यावर किंवा खेळण्याच्या रूपाने येऊन गेलेलाच असतो. हे पात्र १९६९ साली मालिका सुरू झाली तेव्हापासून कॅरल स्पिनी या कलावंताने साकारले आणि २०१८ मध्ये, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, त्याने ते सोडले. त्याच मालिकेतला, कचऱ्याच्या पिंपात राहणारा आणि सदा कुरकुरणारा ऑस्कर हाही त्याचाच. म्हणजे एक भाबडा आणि एक खवट, असे दोन स्वभाव हा माणूस एकाच दिवशी, कधी कधी एकाच दृश्यात निभावत होता.

आम्ही काही मित्रमंडळी शाळांमधून लहान मुलांसाठी बाहुलीनाट्याचे प्रयोग करतो. आमची रीत साधी आहे : टेबलाला पडदा लावायचा, हातात बाहुली घालायची आणि मान वर करून बोलायचे. दूरचित्रवाणीवर याच कलेचा व्यवसाय कसा होतो, याविषयी मराठीत वाचायला फारसे मिळत नाही. जे मिळते ते “पन्नास वर्षे मुलांना हसवले” एवढ्यावरच संपते. त्यामुळे माझा प्रश्न नेमका असा आहे की, बिग बर्डचा तो पोशाख दुसऱ्याने रेखाटला, तिसऱ्याने शिवला, संवाद चौथ्याने लिहिले, मग त्यात स्पिनीचे स्वतःचे म्हणून काय होते? तो आतला यंत्रचालक होता, की ते पात्रच त्याचे होते? आणि ज्यात स्वतःचा चेहरा कधीच दिसणार नाही, अशा कामावर माणूस एवढी वर्षे टिकतो तरी कसा? आपल्याकडे ‘बोलक्या बाहुल्या’ म्हटले की रामदास पाध्ये डोळ्यांसमोर येतात, कारण ते अर्धवटरावांच्या शेजारी बसलेले दिसतात. स्पिनीच्या बाबतीत तसे काहीच नव्हते. जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

---

प्रतिसाद १: पडद्याआड

प्रश्न आवडला. ‘स्पिनीचे स्वतःचे काय’ हे तो आत नेमके काय करत होता ते कळल्याशिवाय ठरवता येणार नाही, म्हणून मी तंत्रापुरतेच लिहितो. त्याच्या आयुष्याविषयी दुसरे कोणी लिहील, अशी आशा आहे.

सुरुवात जिम हेन्सन या अमेरिकी बाहुलीकारापासून करावी लागते, कारण ही सगळी कार्यपद्धती मुळात त्याची. १९५५ साली वॉशिंग्टनच्या एका स्थानिक वाहिनीवर त्याचा पाच मिनिटांचा बाहुल्यांचा कार्यक्रम सुरू झाला. तोवर दूरचित्रवाणीवर बाहुल्या दाखवायच्या म्हणजे जत्रेतला लाकडी मखर जसाच्या तसा स्टुडिओत आणून कॅमेऱ्यासमोर उभा करायचा, अशीच बहुतेकांची समजूत होती. हेन्सनने तो मखर काढून टाकला. दूरचित्रवाणीच्या चौकटीच्या चार कडा हाच आपला पडदा, असे त्याने मानले. बाहुलीकाराने चौकटीच्या खालच्या कडेखाली लपायचे, हात डोक्यावर ताठ धरायचा आणि बाहुलीकडे न बघता जमिनीवर ठेवलेल्या मॉनिटरकडे बघत काम करायचे. कॅमेरा जे पाहतो तेच बाहुलीकारही पाहतो. साहजिकच बाहुलीची नजर अर्धा इंच चुकली तरी ते त्याला तत्क्षणी दिसते. ‘सेसमी स्ट्रीट’च्या भिंतींमागे आणि पायऱ्यांमागे ही मंडळी चाकांच्या बुटक्या बैठकांवर बसून सरकत असतात.

यातली गोम अशी की मॉनिटर हा आरसा नसतो. आरशात आपण उजवीकडे झुकलो की प्रतिमाही त्याच बाजूला झुकते. मॉनिटरवर मात्र कॅमेऱ्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या बाहुलीकाराने हात उजवीकडे नेला की चित्र डावीकडे जाते. नवशिक्याची बाहुली म्हणूनच ज्याच्याशी बोलायचे त्याच्याकडे पाठ फिरवते. ही उलटापालट अंगवळणी पडायला बराच काळ लागतो.

दुसरी गोष्ट बोलण्याची. आपल्याकडच्या शाळेतल्या प्रयोगांत हमखास दिसणारा दोष म्हणजे शब्द उच्चारताना बाहुली तोंड मिटते, किंवा वरचा जबडा उघडून आकाशाकडे बघू लागते. माणूस बोलतो तेव्हा त्याचा खालचा जबडा हलतो. म्हणून हेन्सनच्या पद्धतीत चार बोटे स्थिर ठेवून अंगठा खाली पाडायचा, आणि तोही अक्षर सुरू होताना. प्रत्येक अक्षराला तोंड पूर्ण उघडले तर बाहुली बोलत नसून चावत आहे असे वाटते. म्हणून कुठे पूर्ण उघडायचे आणि कुठे फक्त सुटल्यासारखे करायचे, हे वाक्याच्या अर्थावरून ठरवावे लागते. तुम्हाला मान्य होवो न होवो, हा अभिनयच आहे.

आता बिग बर्ड. तिथे वरचे सगळे नियम लागू आहेतच, शिवाय माणूस बाहुलीच्या पोटात. स्पिनीची स्वतःची उंची साधारण पाच फूट दहा इंच. पक्ष्याचे डोके म्हणजे त्याचा डोक्याच्या वर सरळ ताठ धरलेला उजवा हात. त्या डोक्याचे वजन सुमारे दोन किलो, आणि दृश्य संपेपर्यंत तो हात खाली येणार नाही. पंजाने चोच उघडायची-मिटायची आणि करंगळीने एक खिट्टी ओढून पापण्या हलवायच्या. म्हणजे बिग बर्ड चकित होतो, खट्टू होतो किंवा झोपेला येतो, तेव्हा ते सारे एका करंगळीचे काम असते. डावा हात पक्ष्याच्या डाव्या पंखात. उजव्या पंखात तर हात नाहीच, कारण तो हात वर डोक्यात अडकलेला. त्यावर उपाय म्हणून मासे पकडण्याचा तंगूस वापरला होता. डाव्या मनगटापासून निघून मानेखालच्या कडीतून उजव्या पंखापर्यंत गेलेला तो धागा डावा पंख खाली गेला की उजवा वर उचलतो. बिग बर्डच्या हालचाली जुन्या चित्रफितींत नीट पाहा. त्याचे दोन्ही पंख एकाच वेळी वर गेलेले सहसा दिसत नाहीत.

आतून बाहेरचे काही दिसत नाही. पिसाऱ्याला डोळ्यांसाठी भोके नाहीत. स्पिनीच्या छातीवर एक छोटा मॉनिटर बांधलेला असे. त्यात कॅमेऱ्याला दिसणारे चित्र येई. म्हणजे स्वतःच्या समोर काय आहे हे त्याला कळत नसे. लांब उभ्या असलेल्या कॅमेऱ्यातून आपण कुठे उभे आहोत एवढेच कळे. चित्र मुलांच्या चेहऱ्यावर गेले की बिग बर्ड आंधळा. मॉनिटरशेजारी संहितेची पाने टाचलेली असत आणि ती तिथल्या तिथे वाचून संवाद म्हटले जात. वर दिव्यांची धग, अंगाभोवती टर्कीची पिवळी रंगवलेली हजारो पिसे, पायांत नारिंगी मोजे. अशा अवस्थेत हा माणूस रोलर स्केट्सवरही फिरला आहे.

यंत्रचालक की कलावंत, हा प्रश्न यानंतर मला तरी पडत नाही. तरीही ज्यांना पडतो त्यांनी एकदा हात डोक्यावर ताठ धरून वर्तमानपत्रातला एक लांबसा परिच्छेद सहा वर्षांच्या मुलाच्या आवाजात वाचून पाहावा.

---

प्रतिसाद २: जुनी चित्रफीत

‘पडद्याआड’ यांनी हातांचे सांगितले, मी माणसाचे सांगते.

कॅरल स्पिनीचा जन्म २६ डिसेंबर १९३३ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वॉल्थममध्ये झाला. नाताळच्या दुसऱ्या दिवशी जन्मला म्हणून नाताळच्या गीतांवरून ‘कॅरल’ हे नाव. अमेरिकेत ते बहुधा मुलींचे नाव समजतात, त्यामुळे शाळेत त्याची पुरेशी चेष्टा झाली. आठव्या वर्षी त्याने जुन्या वस्तूंच्या विक्रीतून पाच सेंटला एक माकडाची बाहुली घेतली, घरात एक कापडी साप होताच, आणि दोघांना घेऊन त्याने धान्याच्या कोठारात प्रयोग लावला. प्रवेश दोन सेंट. बत्तीस सेंट जमले, म्हणजे सोळा डोकी. पुढे नाताळला आईने त्याला हाताने घडवलेला बाहुल्यांचा पूर्ण संच आणि छोटासा रंगमंच दिला. चित्रकलेचा नादही लहानपणापासूनचा; तो पुढे बॉस्टनमध्ये चित्रकला शिकला. ही चित्रकला लक्षात ठेवा, तिचा संबंध पुढे येईल.

मधल्या काळात त्याने अमेरिकी हवाई दलात नोकरी केली. त्यानंतर साठचे दशक बॉस्टनमध्ये, बोझो विदूषकाच्या स्थानिक बालकार्यक्रमात वेगवेगळी प्राण्यांची सोंगे आणि बाहुल्या करण्यात गेले. काम नियमित होते, पैसेही बरे होते. पण आपण जे करतो त्यात दम नाही, अशी टोचणी त्याला होती.

वळण आले १९६९ मध्ये, सॉल्ट लेक सिटीतल्या बाहुलीकारांच्या महोत्सवात. मला या माणसाच्या आयुष्यातला हाच प्रसंग सर्वांत जास्त बोलका वाटतो. स्पिनीने मोठ्या हौसेने एक प्रयोग बसवला होता : मागे पडद्यावर स्वतः काढलेली चलचित्रे आणि पुढे त्यांच्याशी ताल जुळवून काम करणाऱ्या बाहुल्या. प्रयोग सुरू झाला आणि एका दिव्याचा झोत नेमका पडद्यावर पडून चित्रे पार पुसली गेली. मागचे काही दिसेना, त्यामुळे पुढचे काही जुळेना. ठरवलेला प्रयोग बाजूला सारून त्याने सुचेल तसे करत वेळ मारून नेली आणि पडेल चेहऱ्याने आत आला. प्रेक्षकांत जिम हेन्सन होता. तो आत येऊन म्हणाला की, तू जे करू पाहत होतास ते मला आवडले. आणि त्याने एका नव्या मालिकेसाठी स्पिनीला बोलावले. फसलेला प्रयोग बघून काम देणारा माणूस आपल्या क्षेत्रात किती जणांना भेटतो?

त्या मालिकेचा पहिला भाग १० नोव्हेंबर १९६९ रोजी दाखवला गेला. ऑस्करचा आवाज कसा असावा हे स्पिनीचे चित्रीकरणाला निघेपर्यंत ठरले नव्हते. त्या दिवशी त्याला जो टॅक्सीवाला भेटला तो न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातला, घोगऱ्या आवाजाचा, तोंडाळ गडी होता. स्पिनीने स्टुडिओ येईपर्यंत तोच आवाज मनातल्या मनात घोटला आणि पिंपाचे झाकण उघडून हेन्सनला ऐकवला. तोच कायम झाला. (पहिल्या वर्षी ऑस्कर नारिंगी होता, हिरवा झाला तो दुसऱ्या वर्षापासून. रंग बदलला, खवटपणा तोच.)

बिग बर्डचे मात्र असे चटकन जमले नाही, आणि मूळ प्रश्नाचे उत्तर मला इथेच दिसते. सुरुवातीच्या भागांतला बिग बर्ड गावातला वेडाबागडा, दारांना धडकणारा, बावळट थोराड पक्षी होता. त्याच्या डोक्यावर पिसेही जेमतेम होती. लेखकांनी तो तसाच लिहिला होता. एका भागात मुलांच्या पाळणाघराचा विषय आला, तेव्हा स्पिनीने सुचवले की याला बावळट मोठा करण्याऐवजी लहान मूल करू या. त्याला येत नाही ते बुद्धी कमी म्हणून नव्हे, तर अजून शिकलेला नाही म्हणून. तिथून बिग बर्ड सहा वर्षांचा झाला आणि मालिका बघणाऱ्या मुलांचे प्रश्न विचारू लागला. वर्णमाला म्हणजे एकच लांबलचक शब्द आहे असे समजून तो उच्चारू पाहणारा बिग बर्ड या बदलानंतरच शोभतो.

पहिले वर्ष त्याला जड गेले. मिळकत बॉस्टनपेक्षा कमी, न्यूयॉर्क महाग, आणि आपले काम जमते आहे की नाही याची खात्री नाही. नोकरी सोडायचे त्याच्या मनात पक्के होत आले होते. पोशाख घडवणाऱ्या कर्मिट लव्हने त्याला आणखी थोडे थांबण्याची गळ घातली. (हेन्सनच्या ‘कर्मिट’ या प्रसिद्ध हिरव्या बेडकाच्या बाहुलीचे नाव या गृहस्थांवरून ठेवलेले नाही, हा निव्वळ योगायोग आहे.) नोव्हेंबर १९७० मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर बिग बर्ड झळकला. त्यानंतर सोडण्याचा विषय निघाला नसावा.

पुढची यादी लांब आहे. चीनमध्ये केलेला आणि १९८३ मध्ये दाखवलेला विशेष कार्यक्रम, १९८५ चा बिग बर्डवरचा चित्रपट, हॉलीवूडच्या पदपथावरचा तारा, जीवनगौरव पुरस्कार. अवकाशयानातून बिग बर्डला पाठवावे, अशीही प्राथमिक बोलणी नासाशी झाली होती आणि नासानेही नंतर त्याला दुजोरा दिला. पोशाख यानात मावण्यासारखा नव्हता म्हणून बेत बारगळला. त्याऐवजी एका शिक्षिकेला पाठवायचे ठरले, आणि तिचे ते ‘चॅलेंजर’ यान २८ जानेवारी १९८६ रोजी उड्डाणानंतर काही क्षणांत नष्ट झाले. यावर मी अधिक काही लिहीत नाही.

---

प्रतिसाद ३: ओळीमागे ओळ

वरचे दोन्ही प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, पण तोल थोडा एका बाजूला गेला आहे असे नम्रपणे सुचवतो. ‘सेसमी स्ट्रीट’ ही एखाद्या नटाच्या लहरीवर उभी राहिलेली मालिका नव्हती. जोन गँझ कूनी यांनी ती उभी केली तेव्हा लेखकांच्या बरोबरीने बालमानसशास्त्राचे आणि शिक्षणाचे अभ्यासक बसवले होते, आणि कोणत्या वयाच्या मुलाला काय कळते याची चाचणी घेऊन भाग लिहिले जात होते. बिग बर्डला सहा वर्षांचे करण्याची कल्पना स्पिनीची असेल, पण ते सहा वर्षांचे मूल दशकानुदशके सुसंगत राहिले ते लेखकांमुळे. मराठी रंगभूमीवर जशी आपल्याला सगळे श्रेय नटाला देण्याची सवय आहे, तसेच इथे होऊ नये एवढेच म्हणणे.

---

प्रतिसाद ४: जुनी चित्रफीत

‘ओळीमागे ओळ’ यांचा मुद्दा योग्य आहे आणि त्यासाठी एक उदाहरण त्यांच्याच बाजूने देते. मात्र ते शेवटी माझ्याकडे वळते की नाही, ते त्यांनीच ठरवावे.

मालिकेत मिस्टर हूपर नावाचा वयस्कर दुकानदार होता. बिग बर्डला त्याचे नाव कधीच धड उच्चारता येत नसे. दर वेळी तो ‘लूपर’, ‘कूपर’ असे काहीतरी म्हणे आणि म्हातारा वैतागून सुधारणा करी. ती भूमिका करणारे विल ली डिसेंबर १९८२ मध्ये वारले. मालिकेपुढे सोपे मार्ग होते : दुसरा नट घ्यायचा, किंवा हूपर गाव सोडून गेला असे सांगायचे. त्यांनी तसे न करता नट गेला तसा हूपरही गेला असे दाखवायचे ठरवले. तज्ज्ञांना विचारून काही गोष्टी पक्क्या केल्या. तो झोपला आहे असे म्हणायचे नाही, आजारपणाचे कारण द्यायचे नाही, कारण मूल पुढच्या प्रत्येक झोपेला आणि प्रत्येक तापाला घाबरेल. मृत्यू आणि परत न येणे, एवढेच स्वच्छ सांगायचे. लेखन नॉर्मन स्टाइल्स यांचे. भाग २४ नोव्हेंबर १९८३ रोजी, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीच्या दिवशी दाखवला गेला, म्हणजे मुले पाहत असताना आईवडील घरी असतील. इथवर श्रेय निःसंशय लेखकांचे आणि संस्थेचे.

आता दृश्य पाहा. बिग बर्डने शेजारच्या सगळ्या मोठ्या माणसांची चित्रे काढली आहेत आणि तो ती वाटत आहे. सगळ्यांना चित्रे आवडतात. शेवटचे हूपरचे उरते, आणि ते मी त्याला आल्यावर देईन, असे तो म्हणतो. मोठी माणसे एकमेकांकडे बघतात. आम्ही तुला सांगितले होते ना, तो वारला, असे त्याला आठवण करून दिली जाते. मग तो उद्या येईल तेव्हा देतो, असे तो म्हणतो. तो परत येणार नाही हे कळल्यावर त्याचे प्रश्न मृत्यूविषयी नसतात, ते पाखरांचे दाणे आणून कोण देणार आणि गोष्टी कोण सांगणार, असे असतात. शेवटी असेच का व्हायला हवे, असे तो विचारतो, आणि त्या मोठ्या माणसांपैकी गॉर्डनकडेही उत्तर नसते. असेच असते, एवढेच तो म्हणतो.

हे शब्द लेखकाचे आहेत. पण भोवती उभ्या असलेल्या नटांचे डोळे खरोखर भरून आलेले असताना त्यांच्या मधोमध, काहीही न दिसणाऱ्या पोशाखात, एक पन्नाशीच्या घरातला माणूस सहा वर्षांच्या मुलाचा न समजणारा, किंचित चिडका स्वर धरून ठेवतो. तो स्वर जरा जरी मोठ्या माणसाच्या दुःखाकडे झुकला असता, तरी दृश्य बालमालिकेतून बाहेर पडले असते. शिवाय नटांच्या हातातली ती व्यक्तिचित्रे स्पिनीने स्वतः काढलेली होती. बॉस्टनमधल्या चित्रकलेचा उल्लेख केला होता तो यासाठी. हूपरचे चित्र पुढे बिग बर्डच्या घरट्याजवळ टांगलेले असे.

म्हणून मला वाटते, श्रेयाची वाटणी रुपये-आण्यांत करता येत नाही. पण ‘आत कोणीही असते तरी चालले असते’ हे विधान मात्र टिकत नाही.

---

पुन्हा विचारणा: हातमोजा

सर्वांचे मनापासून आभार. करंगळीने हलणाऱ्या पापण्यांविषयी आमच्या गटाला वाचून दाखवले, आणि आता सगळेच खिट्टी बसवायच्या मागे लागले आहेत. एक गोष्ट अजून स्पष्ट व्हावी. इतका शारीरिक व्याप असलेले काम म्हातारपणी कसे चालले? आणि एका माणसाशी एवढे बांधलेले पात्र दुसऱ्याकडे सोपवतात कसे? अर्धवटराव हे यशवंत पाध्ये यांनी घडवले आणि त्यांच्या मुलाकडे, रामदास पाध्ये यांच्याकडे, घरातल्या घरात आले. तिथे वारसा कसा चालतो ते समजते. अमेरिकेतल्या संस्थेत काय होते?

---

प्रतिसाद ५: पडद्याआड

आधी तुमच्या पहिल्या प्रश्नातला चेहऱ्याचा मुद्दा घेतो, कारण वारशाचे उत्तर त्यातच आहे.

शब्दभ्रमात कलावंत आणि बाहुली दोघेही प्रेक्षकांसमोर असतात, आणि सगळी गंमत त्या दोघांच्या भांडणात असते. अर्धवटराव पाध्यांचा अपमान करतात, पाध्ये ओठ न हलवता तो ऐकून घेतात, आणि प्रेक्षक दोघांनाही ओळखतात. अमेरिकी बालवाहिन्यांवर शॅरी लुईस आणि तिची लॅम्ब चॉप ही कोकराची बाहुली हे याच जातीचे उदाहरण. तिथे बाहुली सहसा कलावंताच्या मालकीची असते. लुईस १९९८ मध्ये वारली आणि तिच्या मुलीने लॅम्ब चॉप हातात घेतली, थेट पाध्ये घराण्यासारखेच. हेन्सनच्या परंपरेत मात्र कलावंत चौकटीबाहेर आणि पात्राचे हक्क संस्थेकडे. स्पिनी बिग बर्डला घरी नेऊ शकत नव्हता, आणि मुलाला तर मुळीच देऊ शकत नव्हता. तिथे वारसा शिकाऊ पद्धतीने चालतो. नवा माणूस आधी दुसऱ्यांच्या बाहुल्यांचे उजवे हात करतो (मुख्य बाहुलीकाराचा उजवा हात डोक्यात आणि डावा बाहुलीच्या डाव्या हातात असतो, म्हणून बाहुलीला खरोखरचा उजवा हात हवा असेल तर शेजारी दुसरा माणूस खेटून बसतो), मग गर्दीतली किरकोळ पात्रे, मग बदली काम.

मॅट व्होगेल या कलावंताने बिग बर्डची बदली म्हणून १९९६ पासून शिकायला सुरुवात केली होती. म्हणजे स्पिनीने काम सोडण्याच्या बावीस वर्षे आधी पुढचा माणूस तयार होऊ लागला होता. स्पिनीला पुढे तोल सांभाळण्याचा त्रास सुरू झाला. बाहेरचे न दिसणाऱ्या उंच पोशाखात तो किती धोक्याचा असेल, हे वेगळे सांगायला नको. २०१५ च्या सुमारास त्याने पोशाख चढवणे थांबवले. तेव्हापासून व्होगेल आत उभा राही आणि स्पिनी आवाज देई. ऑक्टोबर २०१८ मध्ये तेही थांबले. बिग बर्ड व्होगेलकडे गेला आणि ऑस्कर एरिक जेकबसन या दुसऱ्या कलावंताकडे. एका माणसाचे काम दोघांनी घ्यावे लागले, यावर टीकाटिप्पणी नको. ८ डिसेंबर २०१९ रोजी स्पिनी कनेक्टिकट राज्यातल्या वुडस्टॉक गावी आपल्या घरी वारला. योगायोग असा की, त्याच दिवशी संध्याकाळी वॉशिंग्टनमध्ये केनेडी सेंटरचा सन्मान ‘सेसमी स्ट्रीट’ला प्रदान झाला. एखाद्या दूरचित्रवाणी मालिकेला तो पहिल्यांदाच मिळत होता.

टिकून राहण्याविषयी : चेहरा दिसत नाही ही आपल्याला शिक्षा वाटते, पण या पेशातल्या अनेकांना ती सोय वाटते. स्पिनी स्वभावाने बुजरा होता. जे माणूस म्हणून चारचौघांत बोलता आले नसते ते तो पिसाऱ्यातून बोलू शकत होता. जिम हेन्सन १६ मे १९९० रोजी अकाली गेला. न्यूयॉर्कच्या कॅथेड्रलमधल्या त्याच्या स्मरणसभेत स्पिनी बिग बर्ड होऊनच उभा राहिला आणि हेन्सनच्या बेडकाचे, हिरवे असण्याविषयीचे गाणे त्याने त्या मुलाच्या आवाजात म्हटले. त्या ठिकाणी स्वतःच्या आवाजात त्याला गाता आले असते असे मला वाटत नाही.

भारतापुरते पाहायचे तर ‘गली गली सिम सिम’ ही याच संस्थेची हिंदी मालिका २००६ मध्ये सुरू झाली. त्यात बिग बर्ड नव्हता. त्याच्याऐवजी बूम्बा नावाचा, भांगडा आवडणारा शाकाहारी सिंह होता, आणि तोही माणूस आत शिरून चालवायचा पूर्णदेही पोशाख होता. वेगवेगळ्या देशांत या मालिकेने असेच केले आहे : मेक्सिकोत हिरवा पोपट, जर्मनीत अस्वल, नेदरलँड्समध्ये निळा पक्षी. आत उभे राहणारे लोक तिथलेच आणि तंत्र हेन्सनकडून आलेले.

आणि खिट्टीविषयी एक व्यावहारिक सूचना. पापणीची दोरी करंगळीला थेट बांधू नका. तोंड उघडताना पंजा ताणला जातो आणि डोळा आपोआप मिटतो. दोरीला थोडी ढील ठेवा, बोटात अडकवायला कापडी कडी शिवा, आणि पापणी आपोआप परत उघडण्यासाठी आतून बारीक रबर लावा. पहिले काही प्रयोग फक्त तोंडावर करा. डोळ्यांचे काम तोंड नीट जमल्यावरच सुरू करा, नाहीतर मुलांना बाहुली सतत डोळा मारते आहे असे वाटेल.